पहिलीचा वर्ग: जून ते दिवाळी काय, कशाने आणि कोणत्या क्रमाने?

पाटीपेन्सिल
यंदा पहिली-दुसरी एकत्र आहे. दोनशिक्षकी शाळा, पहिलीत १६ आणि दुसरीत १२ मुलं. पहिलीच्या मुलांसाठी विचारतो आहे.

(अ) अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घ्यावीत की गटाने? गटाने घ्यायची तर पहिल्या गटात कोणती?
(आ) हातात पेन्सिल कधी द्यावी, वही कोणती?
(इ) दोन अंकी संख्या लिहिताना छत्तीस म्हटलं की ६३ होतात. दुसरीतही हेच चालू आहे. उपाय?

विनंती एकच. "खेळातून शिकवा" एवढंच लिहून जाऊ नका. कोणता खेळ, काय साहित्य, किती नग, कुठे गाडी अडते, ते लिहा.

बाराखडी
(अ) बद्दल. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेवरून लावलेला आहे, वाचायला शिकणाऱ्याच्या सोयीने नाही. क, ख, ग, घ, ङ शिकवून झाल्यावर मुलाला वाचता येईल असा शब्द शोधा. 'खग' सापडेल, आणि तो पहिलीच्या मुलाच्या काही कामाचा नाही. प्रमाण वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. तेवढे संपेपर्यंत शब्दाची वाट पाहिली तर मूल अक्षर म्हणजे चित्राचं नाव असंच समजून बसतं.

पहिला गट: क, म, न, र, ल आणि काना. एवढ्यावर नाक, कान, काम, मका, मान, लाल, काका, मामा, नाना, राम, कार, कमान, कमाल एवढे शब्द निघतात. आधी पाचही अक्षरं आणि मग काना असं करू नका. क, म, न झाले की लगेच काना घ्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल 'मामा', 'काका', 'नाक', 'कान' स्वतः जुळवून वाचतं. 'नाक' आणि 'कान' शेजारी ठेवायचे. तीच अक्षरं, जागा बदलली की शब्द बदलतो, हे या जोडीतून जितकं चटकन कळतं तितकं समजावून सांगून कळत नाही.

दुसरा गट: प, ब, त, स, ण, सुटा आ आणि दुसरी वेलांटी. पान, बाबा, ताक, सात, तीन, ससा, मासा, पाणी, राणी, मामी, पालक, कणीस. 'आण' हे क्रियापद याच गटात मिळतं, म्हणून वाक्यंही सुरू होतात: "राणी, पाणी आण." "काका, कणीस आण." वाक्यातली नावं आणि वस्तू मुलांना बदलू द्या. फळ्यावर तीन रकाने आखून द्यायचे: कोण, काय, आण.

एका गटाला दोन-अडीच आठवडे धरा. दिवाळीपर्यंत चार गट, म्हणजे वीस-बावीस अक्षरं आणि काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा एवढं पक्कं झालं तर उत्तम. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवा. ती लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे नवशिकं मूल 'कि' ला 'इक' वाचतं. ङ, ञ, ऌ यांच्यावर पहिलीत एकही तास घालवू नये.

खडू_डस्टर
बाराखडी यांच्याशी क्रमाबाबत सहमत, पण सुरुवातीबाबत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात क-म-न कशाला? पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी विद्याप्रवेश हा तीन महिन्यांचा खेळावर आधारलेला भाग आहेच. त्यात ऐकणं, बोलणं, चित्रवाचन, वर्गीकरण, क्रम लावणं करून घ्या. काही मुलं अंगणवाडीतून दोन वर्षं बसून येतात, काही थेट घरून येतात. अक्षरं पहिल्याच दिवशी सुरू केली तर दुसऱ्या प्रकारची मुलं जुलैतच मागे पडतात आणि वर्षभर तिथेच राहतात.

आणि पालक विचारतातच, "अजून क-ख-ग का नाही?" त्यासाठी वर्णमालेचा तक्ता भिंतीवर लावून ठेवा, रोज एकदा चालीवर म्हणवून घ्या. म्हणायला हरकत नाही. म्हणता येणं म्हणजे वाचता येणं नव्हे, एवढं आपल्या डोक्यात पक्कं असलं की झालं.

बाराखडी
तीन महिने अक्षर दाखवायचंच नाही असं विद्याप्रवेशातही नाही. मी जुलैचा दुसरा आठवडा धरतो. बाकी मान्य.

मोरपीस
दोघांनीही आवाजाचा भाग सोडला. वाचनात निम्मी गाडी तिथे अडते.

नेहमीचा खेळ म्हणजे शब्दाला टाळ्या. 'मामा' दोन टाळ्या, 'पाणी' दोन टाळ्या. इथपर्यंत ठीक. मग आपण 'कमळ' घेतो आणि फळ्यावरची तीन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून तीन टाळ्या वाजवायला लावतो. पण बोलताना आपण 'क-मळ्' म्हणतो, दोनच ठोके पडतात. 'नाक' तर एकाच ठोक्यात संपतो. मूल बरोबर ऐकतं, आपण चुकीचं ठरवतो. यातूनच पुढे 'नाक' ऐवजी 'ना' आणि 'घर' ऐवजी नुसता 'घ' लिहिणं सुरू होतं, कारण शेवटचं व्यंजन मुलाला वेगळं ऐकूच आलेलं नसतं.

म्हणून क्रम असा. पहिले दोन आठवडे प्रत्येक अक्षरात स्वर ठणठणीत ऐकू येणारे शब्द: मामा, काकू, मोती, नाणी, टोपी. टाळ्या आणि अक्षरं जुळतात. त्यानंतर शेवटचा आवाज पकडायचा खेळ: "नाक, ताक, काक... शेवटी कोण आलं?" मुलं 'क्' म्हणाली की मग 'नाक' फळ्यावर. या खेळाला रोज सात-आठ मिनिटं पुरतात, पाटी-पेन्सिल लागत नाही.

अक्षरं जोडताना आपण "कऽऽ, मऽऽ, ळऽऽ" असं लांबवतो तेही घातक. मूल त्यातून 'काऽमाऽळाऽ' असं काहीतरी बनवतं. अक्षर तोडून, झटक्यात म्हणा आणि दुसऱ्यांदा वेग वाढवा.

अजून एक, च आणि ज. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च वेगळे ऐकू येतात, अक्षर एकच. 'चिंच' या एका शब्दात तर दोन्ही आहेत. पहिल्या दिवशी दोन्ही उच्चारांचे शब्द एकत्र आणू नका. चहा, चिमणी, चिखल यांवर अक्षर बसवा, आठवड्याने चाक, चूल, चारा आणा आणि "हेच अक्षर असंही बोलतं" एवढं सांगून पुढे चला.

पाटीपेन्सिल
मोरपीस, टाळ्यांचं हे नेमकं आमच्याकडे होतंय. अजून एक विचारतो. गावात ळ चा य होतो. 'डोळा'ला 'डोया', 'केळी'ला 'केयी'. लिहितातही तसंच.

मोरपीस
बोलताना दुरुस्त करू नका. वऱ्हाडी, खानदेशी घरात तो उच्चार बरोबरच आहे, आणि दर वाक्याला टोकलं की मूल बोलायचंच थांबतं. चित्रकार्डाखाली 'डोळा' छापील असू द्या. वाचताना मुलाने बोटाखालून 'डोया' म्हटलं तरी ते वाचनच आहे. लेखनात मात्र ळ चे पाच-सहा नेहमीचे शब्द (डोळा, केळी, शाळा, काळा, बाळ, सकाळ) भिंतीवर कायमचे लावा आणि लिहिताना भिंतीकडे बघायची मोकळीक द्या. न-ण चंही तेच: पाणी, लोणी, गाणी, नाणी. जिथे घरची भाषा गोंडी, कोरकू किंवा पावरी आहे तिथे हे पुरत नाही. तिथे आधी महिनाभर तोंडी मराठी शब्द आणि घरच्या भाषेतल्या शब्दांची जोडी लावावी लागते, आणि त्यासाठी सगळ्यात उपयोगी व्यक्ती म्हणजे वर्गातली दुसरीची मुलं. तुमच्याकडे ती त्याच खोलीत बसलेली आहेत.

सुलेखन
(आ) चं उत्तर. वहीच्या आधी जमीन, मग पाटी, मग वही.

जमिनीवर खडूने हातभर उंचीचे आकार: उभी रेघ, आडवी, तिरकी, अर्धगोल, पूर्ण गोल, गाठ. त्यावरून बोट, मग चिंचोके मांडून, मग खडू. दोन आठवडे. पाटीवर अक्षर चार-पाच सेंटिमीटर उंच असावं. पाटीची पेन्सिल घासते, त्यामुळे बोटांना जोर किती लावायचा ते कळतं. व्हाइटबोर्डच्या मार्करने हे होत नाही, तो घसरतो.

पेन्सिल पूर्ण लांबीची देऊ नका. सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा दिला की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. लांब पेन्सिल मुठीत धरायची सवय एकदा लागली की सुटायला वर्ष जातं.

लेखनाची कुळं वाचनाच्या गटांपेक्षा वेगळी पडतात, घाबरू नका. ग-म-न-भ एका हाताचे. व-ब-क एका. प-ष-फ-ण एका. ट-ठ-ढ-द एका. वाचनात क आला आणि लेखनात व आधी बसला तर व काढून झाल्यावर त्यालाच वळण देऊन क करा. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात कधीच घेऊ नका. पहिलं पक्कं झाल्यावर दुसरं. घ-ध मधला फरक शिरोरेषेपाशी आहे: ध आणि भ यांच्या डोक्यावर रेघ तुटते. त्या तुटलेल्या जागी रंगीत खडूने ठिपका द्या.

शिरोरेषा अक्षरागणिक नको, शब्द संपल्यावर एकदम. दोन फायदे. हात सलग चालतो, आणि रेघ जिथे संपते तिथे शब्द संपतो हे डोळ्याला दिसतं. शब्दांत अंतर न सोडणारी मुलं बहुधा अक्षरागणिक रेघ मारणारी असतात.

वही दुरेघी, अंकांसाठी मोठ्या चौकटींची. एका बैठकीत पाच ओळींपेक्षा जास्त नको. सहाव्या ओळीपासून अक्षर बिघडतं आणि मूल बिघडलेलंच अक्षर गिरवत राहतं.

जाता जाता: फलक किंवा शब्दपट्ट्या छापून घेणार असाल तर फॉन्ट तपासा. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श देतात. आपल्याकडे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयापासून पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण आहे. पुस्तकात एक ल आणि भिंतीवर दुसरा, यात मुलाचा काही दोष नाही.

गणितमाळ
(इ) वर येतो, पण एक पायरी मागून. ६३ होण्याचं कारण मुलाचं दुर्लक्ष नाही. मराठीत संख्या उच्चारताना एकक आधी येतो. छ-त्तीस: सहा आधी ऐकू आले, म्हणून सहा आधी लिहिले. मूल कानाशी प्रामाणिक आहे. पाढ्यासारखं १ ते १०० दहा वेळा लिहून हे जात नाही, कारण क्रमाने लिहिताना मूल रकाना वरून खाली उतरवतं. आधी दशकाचे सगळे ३, मग शेजारी ०, १, २, ३... 'छत्तीस' ही संख्या त्याने घडवलेलीच नसते.

लागतं काय: खराट्याच्या काड्या, दहा-दहा सेंटिमीटरच्या. चार मुलांच्या एका गटाला ९ गठ्ठे आणि २० सुट्या, म्हणजे ११० काड्या. तुमच्या १६ मुलांना चार गट, ४४० काड्या. रबरबँड महिन्यात कडक होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंटिमीटरच्या चकत्या कापा, टिकतात. गठ्ठे मुलांकडूनच बांधून घ्या आणि पहिल्या आठवड्यात दररोज सोडून पुन्हा बांधायला लावा. शिक्षकाने बांधून दिलेला गठ्ठा मुलाच्या लेखी एक जाड काडी असते. तो सोडला की दहा निघतात हे त्याच्या हातांना कळलं पाहिजे.

खेळ: शिक्षक "छत्तीस" म्हणतो. मुलं बोलत नाहीत, आधी ३ गठ्ठे डावीकडे, ६ सुट्या उजवीकडे मांडतात. मग त्याखाली अंककार्डं: गठ्ठ्यांखाली ३, सुट्यांखाली ६. शेवटी पाटीवर. मांडणं, कार्ड, लिहिणं हा क्रम मोडू नका. उलट खेळही घ्या: ६३ मांडा, ३६ शेजारी मांडा, "खाऊ कोणता घेशील?" इतकं पुरतं.

सुरुवात कुठून? ११ पासून नको. अकरा, बारा, तेरा या नावांत 'दहा' मुलाला ऐकूच येत नाही. दहा, वीस, तीस... नव्वद ही पूर्ण दशकं नुसत्या गठ्ठ्यांनी आधी. मग २१ ते २८, ३१ ते ३८. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांचा वेगळा दिवस: तीस मांडा, एक काडी काढून घ्या, उरले ते एकोणतीस. 'एकोण' ऐकलं की पुढच्या दशकातून एक काढायचा, ही चाल ७९ पर्यंत आणि ८९ लाही (एकोणनव्वद) चालते. ९९ ला मोडते, तिथे नव्व्याण्णव. हुशार मुलं हमखास 'एकोणशंभर' म्हणतात. त्यांना शाबासकी द्या, तर्क बरोबर आहे.

खडू_डस्टर
मग सरळ 'तीस सहा' का शिकवू नये? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ते आलंच होतं. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. कानडी, तेलुगू, तमिळ, मल्याळम या भाषांत दशक आधीच बोलतात.

गणितमाळ
तेव्हा गदारोळ झाला तो 'छत्तीस' हद्दपार झाला अशा समजुतीने. पुस्तकात दोन्ही पद्धती होत्या. मी पायरी म्हणून वापरतो: गठ्ठ्यांकडे बोट करत "तीस", सुट्यांकडे बोट करत "सहा", मग दोन्ही मिळून "छत्तीस". दोन-तीन आठवड्यांनी मधली पायरी मूल आपोआप गाळतं. नुसतं 'तीस सहा' ठेवलं तर बाजारात, एसटीत आणि घरी ऐकू येणारी संख्या त्याला परकी राहील. आणि नुसतं 'छत्तीस' ठेवलं तर ६३ कायम राहतील.

खडू_डस्टर
दुसरं वाक्य पटलं. पहिलं पटायला वेळ लागेल.

बाराखडी
अंकांच्या आकाराबद्दल कोणी बोललं नाही. ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत, मुलं हमखास उलटे करतात. त्यात मोबाईलवर आणि इंग्रजीच्या तासाला इंग्रजी वळणाचे अंक (1, 2, 3), आणि तिथला नऊ आपल्या १ च्या फार जवळ जातो. दोन्ही लिप्यांचे अंक एकाच महिन्यात लिहायला देऊ नका. ओळखायला चालतील.

पालक_पहिलीचा
मी शिक्षक नाही, पालक आहे. एवढं सगळं चाललं असताना घरी काय करून घ्यायचं? आमच्याकडे गृहपाठच येत नाही.

सुलेखन
येऊ नये असंच धोरण आहे. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ नाही आणि दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोच्या आत. वह्या घरी पाठवायला लागलं की ते वजन पाळताच येत नाही.

घरी करण्याजोगं: जेवायला बसताना ताटं-वाट्या माणशी एक अशा मांडायला लावा (मोजून नव्हे, माणूस-ताट अशी जोडी लावून), मटार सोलताना एका शेंगेत किती ते विचारा, कॅलेंडरवर आजच्या तारखेला गोल करू द्या, एसटीची पाटी वाचायला लावा. रात्री गोष्ट वाचून दाखवताना बोट ओळीखालून फिरवा. बाराखडी पाठ करून घेऊ नका, ते आम्ही करतो.

गणितमाळ
पालकांना एक जोड. मूल १ ते ५० घडाघडा म्हणतं म्हणून खूश होऊ नका. सात लिंबं पसरून ठेवा आणि मोजायला सांगा. एकच लिंबू दोनदा मोजलं किंवा एक सुटलं, तर म्हणणं आलंय, मोजणं आलेलं नाही. मोजलेलं बाजूला सरकवायला शिकवा. मोजून झाल्यावर "मग किती?" विचारा. पुन्हा एकपासून सुरू केलं तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे अजून बसायचं आहे.

पाटीपेन्सिल
ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली तीन मुलं आहेत. दसरा-दिवाळीला जातील, उन्हाळ्यात परत. त्यांचं नियोजन?

मोरपीस
त्यांचे पहिले दोन गट इतरांच्या आधी पुरे करा, मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं त्यांना वेगळी द्या. जाताना पुठ्ठ्याचं एक कार्ड द्या: एका बाजूला झालेली अक्षरं आणि वीस शब्द, दुसऱ्या बाजूला पुढच्या गटाची अक्षरं. वर भोक पाडून सुतळी. फडावर जवळच्या शाळेत बसवलं तर तिथल्या शिक्षकाला एका नजरेत कळतं हे मूल कुठवर आलंय, नाहीतर पुन्हा 'क कमळाचा' पासून सुरू होतं. गावात आजी-आजोबा मागे राहणार असतील तर मूल त्यांच्याकडे ठेवण्याबद्दल पालकांशी सप्टेंबरातच बोला. निघायच्या आठवड्यात बोलून उपयोग नसतो.

पाटीपेन्सिल
काड्यांचं काम या रविवारी होईल. चिंचोकेही घेऊ का? मागच्या वर्षीच्या डब्यात नुसता भुगा निघाला.

गणितमाळ
घ्या. भोक पडलेले आधीच टाका, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. पिशवीत २० प्रमाणे गटाला एक पिशवी.

आणि निम्मे एका बाजूने फरशीवर घासून पांढरे करा. असे दहा चिंचोके ओंजळीतून टाकायचे: पांढरे किती, तपकिरी किती? सहा-चार, सात-तीन, आठ-दोन. पडलेली जोडी पाटीवर लिहायची. एका तासिकेत दहाच्या बहुतेक जोड्या येऊन जातात आणि पुढे ८ + ५ करताना "आठला दोन दिले की दहा" हे बोटांवर मोजावं लागत नाही. टाकताना खाली गोणपाट अंथरा. फरशीवर टाकले की उडून कपाटाखाली जातात आणि मुलं नऊच मोजून सहा-तीन लिहितात.